एका पोटाच्या दोन फायली

मित्रांनो, मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, अंगावर उभ्या रेघा असलेली. आम्हाला तोंड असतं, पण लोक त्यात गरम पाणी ओततात आणि वरून झाकण घट्ट पिळतात, त्यामुळे बोलायची संधी अशी कधी मिळत नाही. आज मी रिकामी आहे, झाकणही उघडं आहे आणि मला पुष्कळ बोलायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका तापलेल्या साच्यात झाला. साच्यातून काढल्यावर आमच्यात हवा भरून आम्हाला पाण्यात बुडवत. ज्यांच्यातून बुडबुडे निघत, त्यांची तिथेच बोळवण होई. माझ्यातून एकही बुडबुडा निघाला नाही. तपासनीस बाईंनी मला थोपटलं तेव्हा मी जी फुगले, ती अजून थोडी फुगलेलीच आहे.

पुढे औषधांच्या दुकानात कुबड्यांशेजारी मी वर्षभर लटकत होते. तिथून मला नेलं ते चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराने. घेताना त्याने मला उजेडात धरून असं न्याहाळलं, की मला लाजल्यासारखं झालं. "बायकोसाठी हवी आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "तिचं पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून ती सांगत नाही."

ही बायको म्हणजे माझी मालकीण. शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात ती कापड कापते. पन्नास थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि मग कात्री. तिथे सगळे तिला मास्तर म्हणतात, घरी नवराही मास्तरच म्हणतो. बाह्यांचा गठ्ठा एकीकडे, कॉलरींचा दुसरीकडे, खिशांचा तिसरीकडे. तिच्या टेबलावर सरमिसळ म्हणून कधी झाली नाही. मित्रांनो, या चांगल्या सवयीनेच तिचा घात केला.

तिला आजार दोन होते. आतड्यांना आतून सूज येऊन जखमा होण्याचा आजार आधीच सापडला होता. त्याचे डॉक्टर वेगळे आणि त्यांची फाइल निळी. दुसरं दुखणं पाळीच्या दिवसांतलं. ते इतकं जबर असे, की ती टेबलाची कड धरून उभी राही. त्यासाठी डॉक्टरीणबाई वेगळ्या आणि त्यांची फाइल पिवळी. मास्तरने दुखण्याचेही दोन गठ्ठे केले. डॉक्टरांपाशी पाळीचं अवाक्षर काढायचं नाही, बाईंपाशी आतड्यांचं नाव घ्यायचं नाही. "ज्याचं त्याला सांगावं, उगाच कुणाचं डोकं कशाला खायचं," असं ती नवऱ्याला म्हणे. त्यातही जे सांगायचं ते निम्मंच सांगे. उरलेलं अंगावर काढी.

अंगावर कसलं, माझ्यावर काढी! सकाळी किटलीतलं पाणी माझ्यात, कारखान्यात दोनदा, संध्याकाळी पुन्हा, रात्री आणखी एकदा. कामावर ती मला कापडाच्या पट्टीने पोटाला बांधी आणि वरून ॲप्रन घाली. ती माझी कीर्तीची वर्षं होती. "ही नसती तर माझं काही खरं नव्हतं," असं ती शेजारणीला सांगे आणि मी आतल्या आत डुचमळे. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. दुखणं निळ्या फाइलीतलं असो की पिवळ्या, मला ठेवायची जागा एकच होती, बेंबीच्या खाली डावीकडे. पण पिशवीचं ऐकतो कोण?

डॉक्टरीणबाईंनी पाळीच्या दुखण्यावर गोळ्या लिहून दिल्या. दुखणं उतरे, पण चार दिवसांत आतडी बिघडत. मग आतड्यांचे डॉक्टर आपलं औषध वाढवत. त्यांना त्या गोळ्यांचा पत्ता नव्हता आणि बाईंना आतड्यांचा. असं दीड वर्ष चाललं. मास्तर वाळत गेली. तिला मूल हवं होतं, आणि या पोटात ते राहील का, हा प्रश्न ती नवऱ्यालाही विचारत नव्हती.

एका सकाळी ती बाईंच्या तपासणीच्या टेबलावर आडवी झाली. बाईंनी कपडा वर सरकवला आणि थबकल्या. पोटाच्या कातडीवर तपकिरी जाळी उमटली होती.

"हे काय?"

"काही नाही हो. शेकते जरा कधी कधी."

"कधी कधी शेकून असं होत नाही. दिवसातून किती वेळा?"

मास्तर कपडा खाली ओढू लागली. पडद्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "घरी तीनदा. कामावरचं धरून पाचदा. रोज."

"तुला विचारलं का कुणी?"

"मी विचारलं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "रोज? पाळी नसताना पण? आणि मला सांगता, तीनच दिवस जरासं दुखतं!"

मित्रांनो, ती जाळी मी उमटवली होती. ज्या पोटाची मी सेवा करते म्हणून मिरवत होते, त्याची कातडी मीच भाजत होते. मला फार शरम वाटली. पण त्या डागाने मास्तरला बोलतं केलं, हेही खरं. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती सगळं सांगू लागली. शौचाला बसल्यावर जीव नकोसा होतो, ते सांगितलं. निळ्या फाइलीचं सांगितलं.

"कुठे आहे ती फाइल?"

"घरी. ती इथली नाही ना."

बाईंनी कपाळाला हात लावला.

मग तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पोटात भलतीकडेच वाढलं होतं आणि त्याची एक गाठ आतड्याला बाहेरून चिकटली होती. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. म्हणजे एकाच आतड्याला आतून एक आजार आणि बाहेरून दुसरा.

उपाय होते, पण एकही सरळ नव्हता. ऑपरेशन करून गाठ काढता आली असती, पण तिच्याबरोबर आतड्याचा तुकडाही कदाचित गेला असता, आणि काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली असती. ती पिशवी माझ्या नात्यातली नव्हे, तरी ऐकून माझाच जीव दडपला. दुसरा उपाय हॉर्मोनच्या गोळ्यांचा. त्यांनी पाळी थांबते आणि गाठ शांत राहू शकते, पण गोळ्या चालू असेपर्यंत मूल नाही. मास्तरला बत्तिसावं लागलं होतं. तिची आई म्हणाली, "एकदाचं काढून टाक आणि मोकळी हो." नणंद म्हणाली, "ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नकोस, वहिनी." सगळ्यांचं ऐकून तिचं डोकं पिकलं. शेवटी बाईंच्या खोलीत ऑपरेशनचा कागद सहीसाठी समोर आला. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी कापायचंच काम करते. सगळं कापड पसरून बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. तुम्ही आणि आतड्यांचे डॉक्टर एकदा माझ्यासमोर एकत्र बसा."

आतड्यांचे डॉक्टर आणि या बाई एकाच इमारतीत बसत होते. मधे जिन्याच्या अठरा पायऱ्या, एवढंच अंतर. पुढच्या आठवड्यात डॉक्टर त्या उतरून आले. निळी आणि पिवळी फाइल एका टेबलावर उघडली. मी मास्तरच्या मांडीवर होते.

"आत्ता आतडं सुजलेलं आहे," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. "या अवस्थेत टाके नीट भरून येतील, असं मी म्हणणार नाही. घाई नको. आणि या दुखण्यावरच्या गोळ्या कुणी दिल्या? यांनी सूज वाढत असणार."

"मी दिल्या," बाई म्हणाल्या. "मला माहीत असतं तर दिल्या नसत्या."

मास्तरने चाचरत विचारलं, "आणि मूल?"

"वचन देत नाही," बाई म्हणाल्या. "पण आतडी शांत झाल्यावर दिवस राहिले, तर ते तुमच्या आणि बाळाच्याही हिताचं. एक वर्ष द्या. हॉर्मोनच्या गोळ्या घ्या, आतड्यांचं औषध डॉक्टर बदलून देतील. मधे मधे दोन्ही तपासत राहू. ऑपरेशन कुठे पळून जात नाही."

"आणि मला नाही झेपलं तर?"

"तर सांगायचं. दुसरं काही बघू. पोट तुमचं आहे."

मास्तरने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तू ठरव. मी आहे." तिने वर्षभर थांबायचं ठरवलं. रोजचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते एका वहीत लिहायचं, आतड्यांचं आणि पाळीचं मिळून एकाच पानावर, हेही ठरलं. मलाही नियम लागले. पाणी बेताचं गरम, मधे जाड कापड, पंधरा मिनिटांच्या वर नाही. सुरुवातीला मला हा अपमान वाटला. मग मास्तरने गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा मला अभ्रा शिवला आणि माझा राग गेला.

पहिले दोन महिने कठीण होते. नव्या गोळ्यांनी तिची चिडचिड होई, मधेच रक्त जाई, आणि एकदा तर तिने वहीच भिरकावली. नवऱ्याने ती उचलून पुन्हा तारीख घातली. तिसऱ्या महिन्यात वहीत आठाच्या जागी पाच दिसू लागले. ती जेवू लागली. कारखान्यात मला नेणं बंद झालं. पोटावरची जाळी पुसट होत गेली.

मित्रांनो, आपली गरज संपली की आम्हा जुन्या वस्तूंनी गळा काढायची रीत आहे. मीही काढला असता. वापर नाही म्हणून माझं रबर कडक झालं आहे, मानेपाशी एक चीरही पडली आहे. पण मास्तर आरशासमोर सरळ उभी राहून केस विंचरते, तेव्हा मला कसलंच वाईट वाटत नाही.

वर्ष भरत आलं. परवा ती तपासणीला गेली आणि मला घरीच विसरली. असं पहिल्यांदाच झालं. ती येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ती आली, खुर्चीत बसली. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"आतड्याची सूज बरीच उतरली आहे. गाठ तेवढीच आहे, वाढली नाही. आता आधी बाळाचं बघायचं की ऑपरेशनचं, ते पुढच्या महिन्यात दोघं माझ्याशी बसून बोलणार आहेत."

"आणि आज दुखतंय?"

पूर्वीची मास्तर असती, तर "छे!" म्हणून कामाला लागली असती. ती बसून राहिली.

"दुखतंय," ती म्हणाली. "चार. काल कामावर सहा होतं, तुला सांगायचं राहिलं."

"मग सांग की आता," तो म्हणाला आणि हातातलं काम ठेवून तिच्यासमोर बसला.

म्हणून मित्रांनो, तुमचं काही दुखत असेल तर निम्मं सांगू नका. आणि घरात कुणी पोट धरून बसलं असेल, तर माझ्यासारखी एखादी पिशवी जरूर भरून द्या, पण ती हातात देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा, कुठे दुखतंय, कधीपासून, किती, ते विचारा. मला विचारता येत नाही.