तुएनदादांचा कान

गेले नऊ दिवस तुएनदादांच्या घरात एक सीडी अखंड फिरत होती आणि तिच्याबरोबर तुएनदादाही. सीडी निदान एका जागी फिरत होती. दादा माडीवर जात, लगेच खाली येत, गल्लीच्या तोंडाशी बर्फाची कॉफी मागवत, अर्धी तशीच टाकून परत येत, आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्याखाली उकिडवे बसून एका हिरव्या दिव्याकडे टक लावत.

तो दिवा बिस्किटांच्या डब्याएवढ्या एका काळ्या पेटीचा होता. तिला डॅक म्हणतात. सीडीवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र सीडी प्लेअरच्या पोटातच असतं, पण जाणकारांचं म्हणणं असं की पोटातलं यंत्र आकडे शिजवतं खरं, मीठ घालायला मात्र विसरतं. म्हणून बाहेरून वेगळं आणायचं. घरात बायको रांधत असताना कार्यापुरता आचारी बोलवावा तसला हा प्रकार. फरक इतकाच, की आचारी पंगत उठली की जातो, आणि हा कायमचा कपाटात बसून आपल्या तोंडाकडे बघत राहतो.

सायगॉनच्या दहाव्या प्रभागातल्या त्या गल्लीत तुएनदादांनी बेचाळीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या होत्या. इतरांना त्यासाठी डोळे लागत, पाने लागत. दादांना कान पुरत असे. गाडी कोपऱ्यावर वळली की आतूनच ते सांगत, इंजिनातलं टॅपेट सैल झालंय, नाहीतर साखळी ताणली गेलीय, आणि गिऱ्हाईक उतरायच्या आत योग्य तो पाना हातात असे. लोक गाडी दादांना दाखवायला आणत नसत, ऐकवायला आणत. पुढे जावई लाम धंद्याला लागला, दादा निवृत्त झाले, आणि मोकळा झालेला कान त्यांनी गाण्याला दिला. जुना जपानी ॲम्प्लिफायर, माणसाच्या छातीएवढे दोन स्पीकर, आणि दर रविवारी सकाळी दोन मित्र. गाण्यातही दादांचा शब्द अखेरचा.

तीन महिन्यांपूर्वी एक गाडी आली. दादांनी ती ऐकली, ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. तेवढ्यात लामने मागून हळूच विचारलं, बाबा, टॅपेट वाजतंय ना? दादांना काही ऐकू आलं नव्हतं. अगदी काही नाही. मी तुझी परीक्षा बघत होतो, असं ते म्हणाले, आणि लामला ते खरं वाटलं. दादांना याचंच जास्त लागलं. त्या दिवसापासून गुडघे दुखतात म्हणून ते गॅरेजमध्ये जाईनासे झाले.

त्याच सुमाराला घरचं गाणंही मंदावलं. झांज वाजली की ओल्या वर्तमानपत्रावर कुणी चमचा मारतंय असं वाटे. याला कारणं दोनच संभवत होती: यंत्र किंवा कान. यंत्र बदलता येतं. तेव्हा दोष यंत्राचाच, असा निवाडा दादांनी केला आणि बाजारातून डॅक आणला.

दुकानदार म्हणाला होता, दोनशे तास चालू ठेवा, मग आवाज खुलेल. दुसरा कुणी असता तर त्याने शंका घेतली असती. पण नव्या गाडीला पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर पळवायचं नाही, हे दादांनी हजारो लोकांना दरडावून सांगितलं होतं. नव्या वस्तूला अंग सैल करायला वेळ लागतो. त्यांनी ॲम्प्लिफायर बंद ठेवून सीडी तेवढी फिरत ठेवली. दादांच्या बायकोला, थोआवहिनींना, त्या बिचाऱ्या सीडीची दया येऊन त्यांनी प्लेअरवर विणलेला रुमाल घातला. यंत्राला श्वास घेऊ दे, म्हणून दादांनी तो काढला.

रोज संध्याकाळी ॲम्प्लिफायर लावून ते एक गाणं ऐकत. चाळीस तासांनी फरक नाही. नव्वद तासांनी नाही. मग विजेत दोष असेल म्हणून गॅरेजमधला स्टॅबिलायझर घरी आला. प्लग उलटा लावून झाला. त्याच बोर्डावरचा, वडिलांच्या फोटोपुढचा विजेचा दिवा आवाज बिघडवत असेल म्हणून तीन दिवस बंद राहिला. सासरे अंधारात आणि पेटी उजेडात, हे वहिनींना पसंत पडलं नाही, आणि ते त्यांनी स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या साथीने, कळवलं. दोनशे तास झाले, दोनशे दहा झाले. झांज ओल्या वर्तमानपत्रावरच राहिली.

आणि रविवार आला.

मित्र आठाला येत, कारण दहाच्या सुमाराला शेजारच्या ताम मावशींकडचा कराओकेचा स्पीकर अंगणात निघे आणि मग सोन्याचा कान आणि पत्र्याचा कान यांत भेद उरत नसे. एक होआन, दादांच्याच वयाचा, बँकेतून निवृत्त झालेला. त्याचं प्रत्येक गोष्टीबद्दल मत असे आणि ते व्याजासकट मिळे. दुसरा विन्ह, दहा वर्षांनी लहान, दातांचा डॉक्टर, कमी बोलणारा. आपल्यापुढे कुणी तोंड उघडलं की आपण गप्प बसावं, ही त्याची धंद्याची सवय.

गाणं लागलं. होआनने डोळे मिटले. पहिलं कडवं संपताच त्याने हात वर केला आणि सांगितलं की बाई गायच्या आधी ओठ ओले करते, ते आत्ता प्रथमच ऐकू आलं. मग पडदा उठला म्हणाला, बाजा दोन पावलं मागे सरकला म्हणाला, आणि चेल्लोवाल्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, असंही म्हणाला. विन्हने दादांकडे बघून तीनदा मान हलवली.

दादा हसत होते, पण डोळे भरून आले होते. प्रत्येक कौतुक पायाच्या अंगठ्यावर पाना पडावा तसं पडत होतं. यांना ऐकू येतंय. मला येत नाही. म्हणजे यंत्राचा निकाल लागला, आणि कानाचाही. मित्रांना निरोप द्यायला ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथून पुढे पुलापर्यंत गेले, आणि आपण चपलांची जोडी एक आपली आणि एक वहिनींची घातलीय हे पुलावर लक्षात आल्यावर परत फिरले.

घरी वहिनी कपाट पुसत होत्या. प्लेअरची जुनी लाल-पांढरी वायर अजून का ठेवली आहे, नव्या पेटीची वेगळी आहे ना, असं त्यांनी विचारलं. दादांनी सवयीने गॅरेजचा नियम ऐकवला: नवा पार्ट बसवला, तरी गाडी सुखरूप घरी पोचेपर्यंत जुना फेकायचा नाही. पण वाक्य पुरं करता करता ते थांबले. गॅरेजमध्ये जुना पार्ट काढून बाजूला ठेवत. इथे तो काढलाच नव्हता. जुनी वायर होती तिथेच होती. नव्या पेटीची वायर शेजारच्या भोकात गेली होती. आणि कुठल्या भोकातलं ऐकायचं ते ठरवणारं ॲम्प्लिफायरचं गोल बटण, ज्यावरची अक्षरं पुसून वीस वर्षं झाली होती, ते वीस वर्षांपूर्वी होतं तिकडेच तोंड करून उभं होतं. नवा आचारी नऊ दिवस रांधत होता आणि पानं जुन्याच चुलीवरची वाढली जात होती.

दादांनी मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की वहिनींच्या हातातलं फडकं पडलं. फरक कळला नव्हता, कारण फरक नव्हताच! ओले ओठ नव्हते, आखूड पाय नव्हता. साऱ्या सायगॉनात एकच कान खरं बोलत होता, तो त्यांचा. त्यांनी उरलेली कॉफी संपवली. नऊ दिवसांत पहिल्यांदा एक कॉफी संपली.

"मग आता फिरवा की ते बटण," वहिनी म्हणाल्या.

दादांचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. फिरवलं आणि फरक कळला, तर कान शाबूत. फिरवलं आणि कळला नाही, तर? आता दोष द्यायला घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, जेवून बघू. जेवल्यावर सांगितलं, उद्या. उद्या आला तसे ते उठून प्रभागभर हिंडले आणि ज्यांच्याकडे पाच वर्षांत गेले नव्हते अशा दोन नातेवाइकांना भेटून आले. नातेवाईक घाबरले.

मंगळवारी दुपारी त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. भिंतीकडे तोंड करून ते स्टुलावर बसले आणि वहिनींना मागे उभं केलं. वहिनींनी मनाला येईल तसं बटण फिरवायचं, किंवा फिरवायचं नाही, आणि दादांनी ओळखायचं: जुनं की नवं. वहिनी कॅलेंडरच्या कडेला रेघा मारत होत्या. बारापैकी बारा बरोबर आले.

वहिनी लग्नातसुद्धा नवऱ्यावर इतक्या खूश झाल्या नव्हत्या. दादा मात्र भिंतीकडेच बघत राहिले. बटण उजवीकडे फिरलं की त्याची टिचकी कोरडी वाजत होती, डावीकडे फिरलं की दबकी. न फिरलं की अर्थात नाहीच. बाराही वेळा त्यांनी टिचकी ओळखली होती. गाण्याकडे कानाने ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिथेच उठले असते तर कुणाला कळणार नव्हतं. पण वाजणारी गाडी ठणठणीत म्हणून एकदा वाटेला लावली होती, ती तीन महिने त्यांना झोपू देत नव्हती.

त्यांनी वहिनींना सांगितलं की आता बटण फिरवताना आपण कानात बोटं घालू, ते हवं तिथे थांबलं की खांद्याला हात लावायचा. पुन्हा बारा वेळा झालं. या वेळी दादा वेळ घेऊन, मान तिरकी करून, घाम पुसत उत्तरं देत होते.

"किती?"

"सहा."

"बारापैकी?"

"बारापैकी." वहिनींनी पेन्सिल कानामागे खोचली. "मन लावून घेऊ नका. या वयात अर्धा कान पुष्कळ झाला. मला तर तेवढाही तुम्ही कधी दिला नाहीत."

पुढच्या रविवारी बटण नव्या पेटीवर होतं. दादांनी काही न सांगता गाणं लावलं. होआनने डोळे मिटले, मग एक भुवई वाकडी केली, आणि कडवं संपल्यावर बँकेत सही जुळली नाही की करत असेल तसा चेहरा केला.

"मागच्या रविवारी बरं होतं," तो म्हणाला. "काय बदललंस?"

"मागच्या रविवारी ती पेटी लागलेलीच नव्हती, होआन. तू जुनंच ऐकत होतास."

होआनने लगेच मान डोलावली. "तरीच. मध्ये काही नव्हतं म्हणून आवाज इतका स्वच्छ होता."

एरवी यावर दादा तासभर हसले असते. आज त्यांनी पेटीच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले की आत्ता पेटी लागलीय, आणि लागली काय, न लागली काय, त्यांना काडीचा फरक कळत नाही. बायकोकडून परीक्षा घेतली, त्यात नापास झालो. वरचे आवाज गेलेत. गाण्यातले गेले, गाडीतलेही गेले. टॅपेट कळत नाही. जावयाला कळतं, आणि आपण त्याला थाप मारली.

गाणं चालूच होतं. ते बंद करावं हे कुणाला सुचलं नाही.

"माझे वीस वर्षांपूर्वीच गेले, दादा," विन्ह म्हणाला. "ड्रिलने नेले."

"मग दर रविवारी इथे येऊन ऐकतोस काय?"

"तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही भुवया उचलल्यात की चांगलं आहे असं समजतो. मागच्या रविवारी तुमचे डोळे नुसते भरून आलेले. म्हटलं, बाप रे, काय आवाज असेल."

दादांनी होआनकडे बघितलं. होआन खिडकीतून गल्लीतल्या विजेच्या तारांचा गुंता तपासत होता.

"आणि तू?"

"मी विन्हकडे बघतो," होआन म्हणाला.

"डोळे मिटून?"

"किलकिले असतात ते."

थोआवहिनी कॉफी घेऊन आल्या तेव्हा तीन जण तीन दिशांना तोंडं करून बसले होते आणि तिघांचेही खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत हे त्यांना बाहेरून कळलं नाही, म्हणून त्या ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मग दादांनी डोळे पुसले आणि विन्हला विचारलं की त्याच्या दवाखान्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कानाची एक डॉक्टरीण बसते, ती कशी आहे. विन्ह म्हणाला, बरी आहे, काचेच्या खोलीत बसवून टिकटिक ऐकवते, दुखत नाही. दादांनी गुरुवारचं विचारलं. आवाज त्यांनी मुद्दाम साधा ठेवला.

"गुरुवारी मलाही तिकडेच काम आहे," होआन म्हणाला. निवृत्त झाल्यापासून त्याला कुठल्याही वारी कुठेही काम नसतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. विन्हने फोन काढला आणि कुणाकुणाचं नाव घालू म्हणून विचारलं.

"तिघांची घाल," होआन म्हणाला. "माझं शेवटी."

दादा म्हणाले की आपलं सर्वांत आधी घाल, सकाळी आठाचं मिळत असेल तर आठाचंच, कारण गुरुवारपर्यंत थांबायचं म्हणजे अजून चार दिवस आहेत आणि घरात हिंडायला आता जागा उरलेली नाही.