पाताळनागाची सात ठाणी

धाकू परबाला फुरसे चावले, तेव्हा मांत्रिकाची वाट पाहत त्याने अंगणातच प्राण सोडला. त्याचा मुलगा सखाराम पटकीच्या साथीत भगताची राख पाण्यातून पीत गेला. सखारामाचा मुलगा बाळा मुंबईला आला, गिरणीत कापड विणायचे साचे चालवू लागला आणि भांडुपच्या टेकडीवर त्याने बिऱ्हाड थाटले. यंत्राचा एकेक दात ओळखणारा हा माणूस. पण त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला फुरसे डसले, तेव्हा तोही नारळ घेऊन उतारा काढायलाच धावला. पोर वाचली ती शेजारच्या कुंडलिक राण्यांमुळे. त्यांनी कोणाला विचारले नाही. तिला पाठीवर घेतले, दोनशे बारा पायऱ्या उतरले आणि इस्पितळ गाठले.

ती पोर म्हणजे जानकीबाई. पुढे पालिकेच्या शाळेत चौतीस वर्षे त्यांनी जीवशास्त्र शिकवले. आज त्या पासष्टीच्या आहेत, आणि त्या पाठीचे ऋण त्या एक दिवसही विसरलेल्या नाहीत.

म्हणूनच श्रावणातल्या त्या सोमवारी, उंबराच्या पाराभोवतीच्या तोबा गर्दीत कुंडलिककाका पुढच्या रांगेत बसलेले पाहून त्या वाट काढत पुढे सरसावल्या. काकांचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते.

"डायलिसिसच्या दोन वाऱ्या चुकल्या, बाई," काकांची सून शीतल रडकुंडीला येऊन म्हणाली. "डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी सांगितलंय. मामंजी तीन-तीन तांबे तीर्थ पितात. बुवा म्हणतो, मशीन सोडा. ऐकतच नाहीत हो!"

पारावर सर्वेशबुवा उभा होता. दोन वर्षांपूर्वी हाच सर्वेश स्टेशनबाहेर मोबाईलची कव्हरे विकत असे. आता अंगावर भगवी शाल, गळ्यात हातभर माळा आणि तोंडात देवाला घालायचे गावाकडचे गाऱ्हाणे.

"बा पाताळनागा म्हाराजा! तुका दोन तोंडां, डोळो एकव नाय, तरी तू सगळा बघतस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी गरजली.

"साऱ्या पृथ्वीत तुझां ठाणां एकच, ता हय, ह्या टेकडेर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याची रीतच अशी. एकाने घालायचे आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. शब्द ऐकलेच पाहिजेत, असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सवय बुवाने अचूक हेरली होती.

त्याने कलशातले पिवळे पाणी पाराच्या मातीवर ओतले. आधी चार-दोन गांडुळे तडफडत वर आली. मग माती हलली आणि हातभर लांबीचा, काळसर, वळ्यावळ्यांचा, चकचकीत जीव वळवळत बाहेर पडला. बायकांनी पदर पसरले. बुवाने तो जीव घंगाळात बुडवला आणि तेच पाणी तांब्यांतून वाटायला घेतले.

जानकीबाईंच्या नाकात एक झणका शिरला. लोणच्याची मोहरी फेसताना जातो, तोच. हळदीच्या पिवळ्या रंगाआड वाटलेली मोहरी होती! मोहरीच्या पाण्याने मातीतल्या जिवांच्या ओल्या कातडीची आग होते आणि ते वर धावतात. गांडुळांना काही गाऱ्हाणे कळत नाही.

त्या काकांजवळ गेल्या. "काका, उठा. इस्पितळात चला."

"चेडवा, तीन वर्सां सुयो टोचून घेतलंय," काका धापा टाकत, लेकीशी बोलावे तसे म्हणाले. "आता देव दारात इलो हा, तर तेका नको कसां म्हणू?"

जानकीबाई घरी गेल्या आणि त्यांनी कुदळ काढली. संध्याकाळपर्यंत टेकडीवरच्या सात जागा खणल्या: शीतलच्या केळीचा बुंधा, संडासामागचे गटार, फुटक्या नळाखालची दलदल, आणखी चार. सातही ठिकाणी तोच जीव सापडला. एकीकडे तर मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसली होती. बाईंनी तिला तशीच पुन्हा मातीआड केली आणि शेजारचा दुसरा उचलला.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. गर्दी दुप्पट. गाऱ्हाणे सुरू होण्यापूर्वीच जानकीबाई ओल्या मातीचे सात डबे आणि एक तांब्या घेऊन पारावर चढल्या.

"बाई, सायन्स शाळेत," बुवा हसला. "हय श्रद्धा."

"मग तुझ्या श्रद्धेला मोहरीचा वास का येतो रे, सर्वेश?"

त्यांनी डब्यातला एक जीव सर्वांसमोर मातीत पुरला आणि वर तांब्यातले पाणी ओतले. ना मंत्र, ना माळ. मिनिटभरात तो जीव बाहेर आला. बाईंनी तो उचलून परत डब्यात ठेवला.

"पाहिलेत? हळद आणि मोहरी. हा सर्वेश आदल्या दिवशी पुरतो, दुसऱ्या दिवशी बोलावतो. आणि हा जीव नाग नव्हे, गांडूळही नव्हे. याला पाठीचा कणा आहे. हा बेडकाच्या गोतातला, पाय नसलेला उभयचर. याचे नाव देवगांडूळ. तोंड एकच, दुसरे टोक शेपटीचे. डोळे आहेत, पण कातडीखाली. म्हणे पृथ्वीत एकच ठाणे! कोकणापासून केरळापर्यंत सह्याद्रीच्या ओल्या मातीत याच्या कितीतरी जाती नांदतात. आणि हे सात आपल्याच टेकडीवरच्या सात जागांतले!" त्यांनी सातही डबे उघडले. "हा जीव काळोखात राहतो, म्हणून त्याच्या डोळ्यांवरची कातडी त्याला शोभते. आपण उजेडात राहतो. आपल्याला कोणती सबब?"

पुढच्या रांगेतले वाकून डब्यांत डोकावले. बाईंना वाटले, जिंकले.

मग मागून एक म्हातारी हात जोडून ओरडली, "सात! अगो बायांनो, सात जागी परगाट झालो देव!"

सर्वेशने क्षणही दवडला नाही. "सात ठाणी, सात अवतार! आणि बाईंच्या हातान कौल दिल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जानकीबाईंच्या पायांवर फुले पडू लागली. त्यांनी ती लाथाडली, तर लोकांनी तीही प्रसाद म्हणून उचलली. सर्वेश त्यांच्या कानाशी वाकला. "रागावू नका, बाई. मोहरीचं पाणी तुम्हीच शिकवलंत ना, सातवीत."

चौतीस वर्षांचे अध्यापन त्या एका वाक्यात मातीला मिळाले.

शीतलने त्यांचा पदर ओढला. "बाई, तुम्हीच सांगा ना मामंजींना, मशीनवर जायचा देवाचा हुकूम आहे म्हणून! आत्ता ऐकतील!"

खरेच ऐकले असते. एक वाक्य पुरे होते. पण ज्या खोटेपणाने दोन पिढ्या गिळल्या, त्याच्याच तोंडून जानकीबाई बोलणार नव्हत्या. त्या काकांसमोर जमिनीवर बसल्या.

"काका, मला फुरसे डसले, तेव्हा बाबा उतारा काढत होते. तुम्ही का नाही थांबलात?"

काकांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "येळ नव्हतो गो."

"उताऱ्याने गुण आला असता तर?"

"आणि इलो नसतो तर? तू मेली असतंस."

"मग आज?"

काकांनी हातातला तांब्या मातीत उपडा केला आणि हात पुढे केला.

एका बाजूला शीतल, दुसऱ्या बाजूला जानकीबाई. दर दहा पायऱ्यांवर थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा उतरायचे. पाराकडून कोणीही मदतीला आले नाही. सगळे सात ठाण्यांच्या विटा वाहण्यात गुंतले होते. शीतलच्या केळीखाली तर अर्धा चौथरा उठलाही होता.

इस्पितळात यंत्र सुरू झाले. "उशीर केलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय थकलंय. काही दिवस मिळतील. किती, ते सांगता येणार नाही."

टेकडीवरच्या ढोलांचा आवाज खिडकीतून आत येत होता. कालपर्यंत तो एका जागेवरून येत असे, आज सात जागांवरून.

काकांनी डोळे उघडले. "चेडवा, पायऱ्यो मोजलंस?"

"दोनशे बारा."

"मगे फिटलां," काका म्हणाले.