वाकड्या कानाची टोपी

लोकरीच्या दुकानाच्या मालकिणीने भरदुपारी कुलूप लावले आणि मुलीचे मनगट धरून ती शाळेकडे निघाली, तेव्हाच समोरच्या शिंप्याने ताडले की आज कुणाची तरी धडगत नाही. हस्तकलेच्या परीक्षेत मुलीच्या कानटोपीला दहापैकी चार गुण मिळाले होते. आणि ती कानटोपी, कुठे बोलायची सोय नव्हती, पण मालकिणीने स्वतः विणून मुलीच्या दप्तरात घातली होती. आपल्या हाताला चार! हे दुःख सांगताही येईना आणि गिळताही.

"बाई, गुण देताना चष्मा घरी राहिला होता का?" शिक्षकांच्या खोलीत शिरताच तिने हस्तकलेच्या बाईंना विचारले.

"बसा तरी."

"बसायला आले नाही. माझ्या मुलीने विणलेल्या टोपीत खोट दाखवा, मी दुकान बंद करते!"

बाईंनी कपाटातून टोपी काढून टेबलावर ठेवली. एक कान हनुवटीखाली लोंबणारा, दुसरा जेमतेम कानशिलापर्यंत, मध्ये सुटलेल्या टाक्यांची भोके. ही टोपी तिची नव्हती. तिने मुलीकडे पाहिले. मुलगी छत निरखीत होती. इतक्या ठणकावून मारलेली थाप चक्क खरी निघाली होती.

"आठ देणार होते," बाई म्हणाल्या, "चार कापले. ही तुम्ही विणलीय."

"मी? ही?"

"मुलीची वाटावी म्हणून मुद्दाम चुकलात. इतक्या सफाईने चुकायला कसलेलाच हात लागतो. मी काय आज शिकवतेय?"

"आई, मला आठ नकोत," मुलगी रडवेली झाली. "मीच विणली, एवढं म्हणायला सांग ना त्यांना."

"मग विण इथेच," बाईंनी सुया पुढे केल्या. "पण आईने हात लावायचा नाही. मोठ्या माणसाचा हात दिसला की संपलं."

मुलगी विणू लागली. लवकरच एक टाका सुटला. एव्हाना खुर्चीवर टेकलेल्या मालकिणीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"अगं, तो टा..."

"बोलायचंही नाही!"

सुटलेला टाका ओळीमागून ओळ उसवत खाली चालला. मालकिणीने डोळे मिटले. बाईंनाही बघवेना. त्यांनी पेन उचलले, ठेवले, खिडकीबाहेर पाहिले. अखेर न राहवून त्यांनी झडप घातली आणि सुईच हिसकावली.

"आधी तो उचल ना, बये!"

"बाई," मालकीण शांतपणे म्हणाली, "मोठ्या माणसाचा हात."

चटका बसावा तसा बाईंनी हात मागे घेतला. टोपीतली भोके मुलीचीच, हेही आता त्यांना पटले होते; त्यांनी चार खोडून आठ केले, शेजारी सही केली आणि टोपी मुलीच्या हाती दिली.

"आणि उरलेले दोन?" मालकिणीने दुकानदारी सवयीने विचारले.

"ते आखूड कानाचे गेले."

"रास्त आहे."

वाटेत तिने मुलीला दरडावले, "माझी टोपी कुठंय?"

"परत दुकानात ठेवली. ती दिली असती तर दहा मिळाले असते."

"मग?"

"तुला."

दुकानाजवळ येताच मालकीण थांबली. तिने ती वाकडी टोपी मुलीकडून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली.

"ही कुठली नवी तऱ्हा, ताई?" शिंप्याने हसू दाबत विचारले.

"माझ्या मुलीने विणलीय," ती म्हणाली आणि आखूड बाजू त्याच्याकडे वळवली. "काही म्हणायचंय? हा कान उघडाच आहे."

शिंप्याने घाईघाईने मशीन चालवायला घेतले.