दान ज्याचं, तोंड त्याचं

“दान ज्याचं, तोंड त्याचं.” इग्नातिसच्या बापाचा हा आवाज, तंबाखूनं खरवडलेला, साठ वर्षांमागचा. आजोबा समोरच्या तुर्की किनाऱ्यावरून जीव घेऊन या ग्रीक बेटावर आले तेव्हा काखेत तावलीचा, म्हणजे फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, पट होता, आणि पटाबरोबर हा नियम. फासे ज्यानं टाकले त्यानंच आकडे पुकारायचे. समोरच्यानं डोळे उघडे ठेवायचे, तोंड मिटलेलं.

गावागणिक नियम बदलतात, हे इग्नातिसलाही मान्य होतं. मूळ घरातल्या शेवटच्या सोंगटीला सगळे ‘आई’ म्हणतात. खाडीपलीकडच्या गावात ती दुसऱ्याच्या सोंगटीखाली सापडली तरी डाव चालू ठेवतात. इथं आई दाबली गेली की डाव तिथंच संपला. दोन गुण द्यायचे आणि गप्प कॉफी प्यायची. डोंगरातले लोक तर म्हणे जमिनीवर पडलेला फासाही मोजतात. डोंगरातल्यांचं काय घेऊन बसलात, बकऱ्यांनी पाडलेलं दानही ते मोजतील.

पण प्रोकोपिस काही डोंगरातला नव्हता. मग त्याला नवा नियम कुठून सुचला?

प्रोकोपिस म्हणजे इग्नातिसचा कुंबारो. इग्नातिसच्या लग्नात नवराबायकोच्या डोक्यांवरचे मुकुट त्यानंच तीनदा अदलाबदल केलेले, लेकीला, मिर्सिनीला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून त्यानंच वर काढलेलं. चाळीस वर्षं दोघं रोज सकाळी बंदरावरच्या कॉफीघरात खेळत आले. ईस्टर होऊन आठवडा झाला नाही तोच तो म्हणाला, आदल्या दिवशी जो हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी दोघांचीही दानं पुकारायची. हरलेल्याला तेवढाच मान. आदल्या दिवशी हरला होता तोच. तेव्हापासून महिना उलटला, प्रोकोपिस रोज हरत होता आणि रोज पुकारत होता.

इग्नातिसच्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षं ज्यानं आपल्याला घाम फोडला, तो एकाएकी हरायला कसा लागला? आणि हरूनही गालात हसतो कसा?

“फासे दाखव” असं म्हणायची मात्र सोय नव्हती. फासे दाखवले असते तरी काय दिसणार होतं? ईस्टरआधीच्या मोठ्या उपासापासून त्याला ठिपके धूसर दिसत होते, मिठात मुरलेल्या सार्डिनच्या डोळ्यांसारखे. काळी सोंगटी, पांढरी सोंगटी कळत होती. पट तर बोटांना पाठच होता. ठिपके तेवढे गेले. हे घरात कळलं की त्याची होडी गेलीच म्हणून समजा. जावई हिवाळ्यापासून लाकडी होडी मोडीत द्यायला टपलेला, आणि मिर्सिनी नवऱ्याच्या बाजूची. होडी गेली की उरतं काय? ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्या मोजणं.

त्यात एका सकाळी बेकरीजवळ मिर्सिनी आणि प्रोकोपिस कुजबुजताना आढळले. चेहरे दिसले नाहीत, पण आवाज ओळखीचे. तो जवळ गेला तशी दोघं एकदम पावाच्या भावावर बोलू लागली. पावाच्या भावावर कुणी कुजबुजतं का? इग्नातिसनं मनाशी गाठ मारली: दोघांनी मिळून काहीतरी शिजवलंय. हे पुकारणं म्हणजे सापळा. एक दिवस हा मुद्दाम खोटा आकडा सांगणार, आपण मान डोलावणार आणि सगळ्या कॉफीघरासमोर आंधळे ठरणार.

गुरुवारी प्रोकोपिसनं आणखी एक फास टाकला. त्याची लेक अथेन्सहून आली होती, जुळ्या पोरींना घेऊन. रविवारी खाडीपलीकडच्या देवळात जायचं होतं, आणि पोरींना इग्नातिसच्याच होडीतून जायचा हट्ट. नेशील ना, असं त्यानं सहज विचारलं. इग्नातिस “बघू” म्हणाला. रात्रभर त्या सहजपणानं त्याला झोप लागू दिली नाही.

शुक्रवारी तो बापाचे हाडाचे फासे खिशात घालून गेला. हातानं कोरलेले, प्रत्येक ठिपक्याला खोल खळगा. रोजच्या फाशांना वंगण लागलंय म्हणाला आणि पट मांडला.

पहिलं दान त्यानंच टाकलं. प्रोकोपिसनं पुकारलं, “एक्सारेस! दोन्हीकडे सहा. नशीब बघा म्हाताऱ्याचं, तरण्या पोरींनासुद्धा एवढं नसतं.”

इग्नातिसनं फासे गोळा करायचं निमित्त केलं आणि न उलटता त्यांवर अंगठा फिरवला. एकावर एक खळगा. दुसऱ्यावर दोन. पटावरचं सगळ्यात दरिद्री दान.

तरी तो सहा-सहाच्या चाली खेळला. पुढचं दान प्रोकोपिसनं चार-चार पुकारलं. अंगठ्याखाली तीन आणि एक. मग प्रोकोपिसनं स्वतःचे फासे टाकले आणि वैतागून एक-दोन म्हणाला. इग्नातिसनं फासे उचलून देता देता चाचपले. दोन्हींवर पाच पाच खळगे.

संशय त्यानं महिनाभर एका बाजूनं जोजवला होता. आता तो हातात उलटा झाला. हा माणूस चोरी करत होता खरा, पण स्वतःच्याच घरात. रोज उठून स्वतःची आई दाबून घेत होता, आणि वर इग्नातिसच्या मनातल्या शिव्या खात होता.

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. ईस्टरपासून ठाऊक होतं. बेकरीजवळची कुजबुजही त्याच काळजीची असणार. आणि तरी हाच माणूस आपल्या नाती माझ्या होडीत बसवायला निघाला? इग्नातिसनं समोर पाहिलं. धुक्यात एक चेहरा होता, त्याच्या मिशा स्थिर होत्या. कॉफीच्या कपातला चमचा फिरायचा थांबला होता. फाशांबद्दल तो आयुष्यभर खोटं बोलला असता. पण पोरींच्या बाबतीत त्याला खरं ऐकायचं होतं, आणि ते इग्नातिसच्याच तोंडून.

“रविवारचं काय ठरवलंस, कुंबारे?” प्रोकोपिसनं हळूच विचारलं.

बाहेर होडी दोराला हिसके देत होती. दोर कुरकुरत होता. इग्नातिसनं पट मिटला.

“ठिपके दिसत नाहीत मला, प्रोकोपी. खाडीच्या तोंडावरचा खांबही दिसत नाही. परवा आत शिरलो तो नुसत्या कानांवर, इंजिनाचा आवाज खडकावरून परत येतो त्या अंदाजानं. तुझ्या पोरींना मी नेणार नाही.”