डाव्या खांद्याचे ठिपके

अंदाकने कॅमेऱ्याच्या उजेड जोखणाऱ्या भिंगावर काळी चिकटपट्टी दाबून बसवली आणि कॅमेरा पिंजऱ्यासमोर रोवला. आत काळ्या बिबट्याची मादी येरझाऱ्या घालत होती.

"भर दुपारी डोळा झाकून फोटो?" पाम मळ्याचा व्यवस्थापक रोस्लान म्हणाला.

"कॅमेऱ्याला रात्र वाटली पाहिजे. मग तो आपल्याला न दिसणारा उजेड टाकतो. त्यात काळ्या रंगाखालचे ठिपके उमटतात."

"ठिपके हवेत कुणाला? काळं जनावर, माझ्या सात बकऱ्या. संपलं."

"इथला बिबट्या काळाच असतो, साहेब. केस माझेही काळे आहेत. मलाही पिंजऱ्यात घाला."

वनखात्याचे हफीझ ओठातल्या ओठात हसले. बकऱ्या मारणारं जनावर हेच ठरलं, तर त्याची रवानगी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात, कायमची. नाहीतर इथंच सोडायचं. मागच्या आठवड्यात गोठ्याजवळच्या कॅमेऱ्यात बकरी ओढून नेताना एक बिबट्या टिपला गेला होता. तो फोटो त्यांच्या हातात होता.

"तुमच्याच जंगलातली ना ही?" रोस्लानने डिवचलं.

"जंगल होतं तोवर आमची होती. तुम्ही पाम लावलेत, आता पाहुणी तुमची. आणि बकऱ्या मारणारी ही नाहीच. तो नर असणार, मी पैज लावते."

मादी वळली. डावी कूस समोर आली तसं कॅमेऱ्याने टिपलं. हफीझनी तो गाडीतल्या यंत्रावर छापून आणला, दोन्ही फोटो शेजारी धरले, चष्मा वर-खाली केला.

"मला तर सगळे ठिपके सारखेच दिसतात, ताई. तूच बघ."

जंगलातल्या सेमाई आदिवासींच्या वस्तीतली ही बाई अकरा वर्षं त्यांचे कॅमेरे सांभाळत होती. चार वेळा तिने त्यांचीच मोजणी खोटी ठरवली होती, आणि चारही वेळा ती बरोबर निघाली होती.

अंदाकने फोटो घेतले. डाव्या खांद्यावर तीन ठिपके एका रेषेत, त्याखाली तुटक्या बांगडीसारखं एक कडं. तिने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. तीन ठिपके. तिने पुन्हा मोजले. मग बोट खाली सरकलं, तुटक्या बांगडीवर आलं आणि तिथंच थांबलं.

पिंजऱ्यातल्या फेऱ्या थांबल्या होत्या.

"काय?" रोस्लान म्हणाला.

"वेगळी आहे."

"नक्की?" हफीझनी विचारलं. "लिहून द्यावं लागेल."

"आणा कागद."

तिने सावकाश, ठसठशीत अक्षरांत जबाबाखाली आपलं नाव लिहिलं आणि फोटो घडी करून कमरेला खोचले. पिंजऱ्याचं दार वर उचललं गेलं. क्षणभर काहीच हललं नाही. मग झाडीत फांद्यांची एक सळसळ झाली आणि विरली.

अंदाकने कोयता उचलला आणि ती बांबूच्या बेटाकडे निघाली.

"आता कुठं चाललीस?" रोस्लान ओरडला.

"तुमच्या गोठ्याला दार नाही," ती मागे न बघता म्हणाली. "अंधार पडायच्या आत बसवायचंय."