कमरेपर्यंतची हवा

शेंदूरजनाघाटच्या शिवारात किसनरावांचं न ऐकणाऱ्या दोघीच निघाल्या. एक त्यांची बोअर, जी आठवड्यापूर्वी कोरडी पडली. दुसरी जेबा.

बोअर गेली म्हणून जुन्या विहिरीतली मोटर काढून नाल्यावर लावायची होती. विहीर चाळीस फूट खोल. मोटर वीस फुटांवरच्या टप्प्यावर, आणि तिथवर भिंतीत ठोकलेल्या चौदा लोखंडी कड्या. दोन बहारांची निवडून बाजूला काढलेली, सडकी संत्री किसनरावांनी याच विहिरीत ओतली होती. फेकायला जागा लागते, आणि कोरडी विहीर तक्रार करत नाही.

मोटर काढायला आला देवीदास मेकॅनिक. उतरण्याआधी विहिरीत कंदील सोडून पाहायचा, हा बापाचा रिवाज त्याने पाळला. फक्त कंदील आता कोणाच्याच घरी नसतो, म्हणून त्याने दोरीला चार्जिंगची बॅटरी बांधून तळापर्यंत सोडली. सडकी संत्री लख्ख दिसली.

"जळून राहिली. हवा चांगली हाय," असं म्हणत तो उतरलासुद्धा.

जेबा पोचली तेव्हा तो टप्प्यावर उभा होता. अब्दुल गफ्फार हे किसनरावांच्या बागेतली संत्री विकत घेणारे व्यापारी, ही त्यांची मुलगी. अकोल्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, जठारपेठेत राहते. माल न्यायची गाडी कधी येणार, हा वडिलांचा निरोप सांगायला आली, आणि काठावरची बॅटरी नि आंबूस वास पाहून निरोप विसरली.

"काका, त्यांना वर बोलवा. बॅटरीला हवा लागते का? कंदिलाला लागते!"

किसनरावांचं गणित सोपं होतं: बागेत राबतो तो जाणतो, फळ्यावर लिहितो तो लिहितो. "बेटा, तो वीस वर्सापासून इहिरीत उतरून राहिला. देवीदास, नट ढिला झाला काय?"

देवीदास वाकला. क्षणभराने धडपडत उठला आणि भिंतीला टेकला. "डोकं गरगरून राहिलं, मालक."

"न्याहारी नसन केली. एक पाय रोवून जोर लाव!"

"वाकू नका!" जेबा ओरडली. "देवीदासभाऊ, सरळ उभे राहा! संत्री सडून जो वायू निघतो तो हवेच्या दीडपट जड असतो. तो खाली साचलाय. तुमचं तोंड त्याच्या वर आहे, कंबर त्याच्यात."

खालून हसू आलं, पण दमलेलं. "बाई, जानेवारीत उतरलो होतो मी. तवा नव्हती काय संत्री?"

"तेव्हा थंडी होती. बाहेरची गार हवा जड, ती विहिरीत उतरायची आणि खालचं वर ढकलायची. आज बाहेर बेचाळीस आहे. तापलेली हवा हलकी, ती वरूनच जाते, आत उतरत नाही. त्यात आभाळ आलंय, हवेचा दाब कमी झालाय. मग जमिनीतलं, सडक्या थरातलंही बाहेर येतं."

"आभाळाचं न इहिरीचं काय नातं?" किसनराव म्हणाले. पण या वेळी आवाज जरा खालीच होता.

देवीदासला बाईमाणसाचं ऐकून वर येणं जड जात होतं. त्याने खिशातून बिडी काढली, काडी ओढली, ऐटीत पेटवली आणि धूर वर सोडला. "हे पाहा! जळते का नाई? हवा नसती त जळली असती काय?"

किसनरावांनी जेबाकडे पाहिलं. उत्तर मिळालं, असा चेहरा.

"ती तोंडाजवळ जळाली," जेबा म्हणाली. "दुसरी काडी पेटवा आणि हळूच खाली न्या. तुम्ही वाकू नका, फक्त हात."

"कावून? कशाले?"

"नसेल विझत तर मी स्वतः खाली येऊन नट काढीन."

हे त्याला आवडलं. त्याने काडी पेटवली. छातीशी जळत होती. पोटाशी जळत होती. पट्ट्याच्या खाली जाताच विझली. फुंकर नाही, वारा नाही, नुसतीच गेली.

त्याने दुसरी पेटवली. त्याच जागी गेली. तिसरी त्याने जरा झुकवून, ज्योत वर धरून नेली. तीही तिथेच.

देवीदासच्या तोंडातली बिडी खाली पडली. ती उचलायला त्याचा हात गेला, तो वाकू लागला.

"देवीदास!" हा आवाज किसनरावांचा होता. "वाकशीन त मरशीन! पडू दे तिले!"

देवीदास तसाच थांबला, मान ताठ. मग कडी धरली. पहिली. दुसरी. तिसरीवर पाय घसरला, नि किसनराव विहिरीच्या काठावर पाय सोडून बसले.

"मी घ्याले जातो त्याले."

जेबाने त्यांचा सदरा मागून धरला. "तुम्ही गेलात तर दोघं. त्यांचं डोकं आता मोकळ्या हवेत आहे. येऊ द्या."

"सोड मले, बेटा!"

"नाही सोडत."

सदऱ्याचं एक बटण तुटलं, पण किसनराव जागचे हलले नाहीत. जेबा वरून मोजत होती: सात, आठ, नऊ. अकराव्या कडीवर देवीदास थांबला, डोळे मिटले. "हात सुन्न झाले," तो म्हणाला.

"बोलू नको. चढ," किसनराव म्हणाले. पोटावर झोपून त्यांनी हात खाली सोडला. बाराव्या कडीवर मनगट हाती आलं, आणि जेबाने दुसरं धरलं.

देवीदास संत्र्याच्या झाडाखाली पालथा पडला आणि दोनदा ओकला. जेबाने त्याला कुशीवर केलं, श्वास पाहिला, गाडीवाल्याला फोन लावला: वरूडच्या दवाखान्यात न्यायचं आहे, आत्ता.

"मोटर..." देवीदास पुटपुटला.

"मोटरले जाळ," किसनराव म्हणाले. गाडी येईपर्यंत त्यांनी त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन धरलं. विहिरीकडे मात्र त्यांनी पाठ केली नाही. रानातून दोन मजूर तिकडे येताना दिसताच बसल्या जागेवरून ते ओरडले, "तिकडेच थांबा! खाली जे हाय ते दिसत नाई!"