बिनवासाचा रंग

वास येत नाही तो रंगच नव्हे, असा आमच्या घरचा कायदा होता. कायदा बाबांचा. ते रंगारी, त्यांच्या हाताखाली मीही रंगारी झाले; थोरली ताई तेवढी शहाणी निघाली आणि तिने पाळणाघर काढायचं ठरवलं. जागा मिळाली ती नव्या इमारतीत, आणि इमारत निघाली हरित. हरित म्हणजे हिरवी नव्हे, हे बाबांच्या गळी उतरवण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली.

नियम असा, की भिंतींचा रंग, दारांचं पॉलिश, झाडून सगळं कमी वाफेचं हवं. रंग वाळताना हवेत जी वाफ सुटते ती किती चालेल याला मर्यादा असते, आणि लहान मुलांच्या जागेला ती आणखी कडक. काम झालं की खोली रात्रभर बंद ठेवायची. सकाळी तपासनीस वाफ मोजायचं यंत्र घेऊन येणार. आकडा बसला तर दाखला, नाहीतर पुढची तारीख कधी मिळेल ते देव जाणे. ताईने नोकरी सोडली होती, सोमवारपासून पोरं घेऊन येतो म्हणून आयांनी कबूलही केलं होतं. सगळं माझ्या ब्रशवर लटकलेलं, आणि ताई मला ते विसरू देत नव्हती.

काम मात्र झकास झालं. रंगाचा हात मारल्यावर डोकं ठणकलं नाही, डोळे चुरचुरले नाहीत, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. दुपारी मी त्याच खोलीत डबा खाल्ला आणि वर डुलकीही काढली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दुकानदाराने तुला गंडवलंय. नुसतं पाणी असेल ते."

तपासणीच्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मी कपाळावर हात मारला. ताई माझ्या तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तपासनीस बाई तरुण, गंभीर, हातात टॉर्चएवढं यंत्र. त्यांनी दार उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि यंत्र गप्प राहिलं. आकडा इतका खाली की मी मनातल्या मनात नाचू लागले.

मग बाबा "बघू तरी" म्हणत आत शिरले आणि यंत्र किंचाळलं.

बाई खिडकीपाशी गेल्या. आकडा वर. कपाटापाशी गेल्या. आणखी वर. बाई जातील तिथे बाबा त्यांच्या खांद्यावरून यंत्रात डोकावत मागोमाग, आणि आकडा चढतोच आहे. ताईचा चेहरा पांढराफटक.

"सगळीकडेच जास्त आहे हो," बाई म्हणाल्या. "कुठला रंग लावलात?"

"मी सांगत होतो हिला," बाबा म्हणाले. त्यांचे पाय दुखले असावेत, कारण ते कोपऱ्यातल्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले.

आकडा खाली आला.

बाई थबकल्या. यंत्र पुढे धरून कोपऱ्याकडे सरकल्या, तसा आकडा वर. मागे आल्या, खाली. पुन्हा पुढे, वर. मग त्यांनी यंत्र डॉक्टरसारखं बाबांच्या छातीला लावलं आणि ते ठणाणा करू लागलं.

"काका, खिशात काय आहे?"

रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, पण पिशवीला भोक.

"सलामी," बाबा म्हणाले.

ही त्यांची जुनी खोड. काम संपवून निघताना चौकटीवरून टर्पेंटाइनची चिंधी फिरवायची, म्हणजे मालकाने दार उघडलं की घर कसं नवंकोरं वाटतं. "ताईचं पहिलं काम. सलामीशिवाय कसं चालेल? तुम्ही गेल्यावर फिरवणारच होतो."

मला इतका राग आला की मी हसायलाच लागले. ताईलाही हसू फुटलं, आणि आमचं बघून कडेवरची पोरही खिदळू लागली. बाई हसू दाबत म्हणाल्या, "यांना आधी बाहेर काढा. मग बघू."

बाबांना मागच्या नळावर नेलं. शर्ट बादलीत, हात कोपरापर्यंत साबणाने. आई रोज हेच करायची. आमच्या लहानपणी ते घरी यायचे तेव्हा वास आधी आत यायचा आणि ते मागून, म्हणून आई त्यांना अंगणातच उभं करायची. तरी वास जायचा नाही. आता आम्ही दोघींनी मिळून त्यांना घासघासून धुतलं आणि ताईचा बदकं छापलेला ॲप्रन घातला. ते तक्रार करत होते, पण बदकांवर खूश दिसले.

तोवर आत हवा मोकळी झाली होती. बाईंनी दारं लावून थोडं थांबून पुन्हा मोजलं. आकडा बसला. दाखल्यावर सही झाली. ताईने माझा गालगुच्चा घेतला, बाईंना हात धरून गरागरा फिरवलं आणि शेवटी यंत्राचीच पापी घेतली. बाईंनी ते घाईने पिशवीत घातलं.

आता बाबांनाही आत यायची परवानगी होती. ते हळूच आले. भिंतीला नाक लावून हुंगत हुंगत अख्ख्या खोलीची फेरी मारली. "रंगाला वास नाही, कबूल," ते म्हणाले. "पण मग हा कसला येतोय?"

"कुठे काय येतोय?" मी पुन्हा घाबरले.

ते हुंगत हुंगत ताईपाशी पोचले. वाकले. माझ्या पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तसेच राहिले.

"हिला वास आहे," ते म्हणाले.

"तान्ह्या पोरांना असतोच, बाबा."

"तुम्हा दोघींना होता?"

"असणारच की."

त्यांनी पुन्हा नाक टेकवलं. मग ते डोकं वर न काढताच म्हणाले, "तुमचा घ्यायचा राहूनच गेला."